‘मी तेव्हाच म्हटलं होतं’: कामाच्या ठिकाणी आपला मुद्दा पूर्ण कसा मांडायचा

बिलं काढायची नवी प्रणाली २८ तारखेपासून सुरू करायची, असं आमच्या मीटिंगमध्ये ठरत होतं. मी तेव्हा त्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी बघायचे, त्यामुळे महिन्याचे शेवटचे दिवस कसे जातात ते मला चांगलंच ठाऊक होतं. मी म्हणाले, “अठ्ठावीस म्हणजे जरा घाई नाही का होणार?” समोरून कुणीतरी म्हणालं, “होईल मॅनेज.” मी मान हलवली आणि पुढचा विषय सुरू झाला. ३० तारखेला दुपारी प्रणाली अडकली. दोन दिवस लोकांना एकाच महिन्याची दोन-दोन बिलं जात राहिली आणि मी एकामागून एक फोन घेता घेता शेजारणीला सांगत होते, “मी तेव्हाच म्हटलं होतं.”

खरं तर मी काहीच म्हटलं नव्हतं. ‘जरा घाई’ एवढ्यावरून कुणाला काय कळणार? माझ्या मनात होतं ते असं: “महिन्यातली सगळ्यात जास्त बिलं २८ ते ३१ या चार दिवसांत निघतात. नेमकी तेव्हाच नवी प्रणाली अडकली, तर जुनीवर परत जायला वेळ उरणार नाही. आपण ५ तारखेला सुरू करूया.” हे बोलायला पंधरा सेकंदही लागत नाहीत. मी ते बोलले नाही, पण बोलल्याचं समाधान मात्र घेतलं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, की गप्प बसण्यापेक्षा अर्धवट बोलणं जास्त नुकसान करतं. गप्प बसलेल्याला निदान आपण गप्प बसलो हे माहीत असतं. अर्धवट बोलणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं.

विमान वाहतुकीत हा धडा माणसं गमावून शिकावा लागला. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ घिरट्या घालत होतं. चाकांमध्ये बिघाड असल्याची शंका होती आणि कॅप्टनचं सगळं लक्ष तिकडे होतं. इंधनाचा उल्लेख सहकाऱ्यांच्या बोलण्यात येत होता, पण ‘आता उतरायलाच हवं’ हे ठामपणे कॅप्टनपर्यंत पोहोचलं नाही. इंधन संपलं, विमान कोसळलं, १८९ जणांपैकी १० जण गेले. चौकशीनंतर कॅप्टनना सहकाऱ्यांचं ऐकून घेण्याचं आणि इतरांना ठामपणे बोलण्याचं प्रशिक्षण द्यावं, अशी शिफारस झाली. १९७९ मध्ये नासाने याच विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी तसं प्रशिक्षण सुरू केलं. म्हणजे ठाम बोलणं शिकवता येतं आणि शिकता येतं. ज्यांना ‘माझा स्वभावच नाही बोलायचा’ असं वाटतं, त्यांच्यासाठी ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे.

पायरी १: मुद्दा कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

सगळे मुद्दे सारख्या तोलाचे नसतात. कुणाला इजा होऊ शकते, पैसे बुडू शकतात, ग्राहकाच्या हाती चुकीचं काही जाऊ शकतं किंवा नियम मोडला जातोय, तर तो धोका. तो त्याच दिवशी सांगायचा, तयारी अपुरी असली तरी. काम सोपं, स्वस्त किंवा चांगलं करण्याची कल्पना असेल, तर दोन-चार दिवस थांबा आणि तयारीनिशी मांडा. आणि रंग, मांडणी, शब्द यांबद्दलची निव्वळ आवडनिवड असेल, तर एकदा सांगून सोडून द्या. जो माणूस प्रत्येक बाबतीत मत देतो, त्याच्या खऱ्या इशाऱ्याकडेही लोक सवयीने कानाडोळा करतात.

पायरी २: चार ओळी लिहून काढा

डोक्यात मुद्दा नेहमी स्पष्ट वाटतो. कागदावर उतरवायला गेलं की कळतं, कुठे भोक आहे. म्हणून मीटिंगच्या आदल्या दिवशी चार ओळी लिहा: मला काय दिसलं, त्यामुळे काय होतंय किंवा होईल, माझ्या मते काय करावं, आणि समोरच्यांकडून मला नेमकं काय हवंय.

समजा तुम्हाला वाटतंय, की बिलावर पैसे भरायची शेवटची तारीख लोकांना सापडत नाही. “लोकांना त्रास होतो” असं लिहू नका. आठवडाभर फोनशेजारी एक कागद ठेवा आणि या कारणासाठी फोन आला की एक रेघ मारा. मग पहिली ओळ होते: “गेल्या आठवड्यात आलेल्या ६० फोनपैकी २२ फोन फक्त शेवटची तारीख विचारायला होते.” दुसरी: “एका फोनला चार-पाच मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ खरी तक्रार असलेला माणूस ताटकळतो.” तिसरी: “तारीख रकमेच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापूया.” चौथी: “पुढच्या महिन्यात एकाच विभागाच्या बिलांवर हा बदल करून बघायला परवानगी हवी आहे.”

चौथ्या ओळीवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. बहुतेक कल्पना विरोधामुळे मरत नाहीत, ‘छान आहे’ म्हणून मरतात. ऐकणाऱ्यांना कल्पना आवडते, पण आता आपण काय करायचं ते त्यांना कळत नाही. मागणी जेवढी छोटी आणि परत फिरवता येण्याजोगी, तेवढा होकार सोपा. ‘सगळीकडे बदल करा’पेक्षा ‘दोन आठवडे एका ठिकाणी करून बघू’ याला नाही म्हणणं अवघड जातं.

खाली आणखी एक ओळ लिहा: मला काय माहीत नाही. “छपाईचा खर्च वाढेल का, ते मला माहीत नाही, ते विचारावं लागेल.” हे आपणहून सांगितलं की मुद्दा कच्चा दिसत नाही. उलट बाकीच्या आकड्यांवर लोकांचा विश्वास बसतो.

पायरी ३: मीटिंगच्या आधी एका माणसाशी बोला

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात रेषांच्या लांबीचा एक साधा प्रयोग केला. खोलीतली बाकीची माणसं आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायची. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही सुमारे एक तृतीयांश वेळा लोक त्या चुकीच्या उत्तराला हो म्हणाले. पण गटात एकच माणूस बरोबर उत्तर देणारा असला, की हे प्रमाण एकदम खाली यायचं.

तो एक माणूस आधी शोधा. मैत्रीण किंवा मित्र चालेल, पण त्याहून चांगली निवड म्हणजे तुमच्या सूचनेमुळे ज्याचं काम बदलणार आहे ती व्यक्ती. वरच्या उदाहरणात बिलाचा नमुना जे बनवतात ते. त्यांना ही गोष्ट भर मीटिंगमध्ये पहिल्यांदा कळली, तर ती त्यांना आपल्या कामावरची टीका वाटणार आणि ते विरोध करणार. आदल्या दिवशी जाऊन “यात तुम्हाला काय खटकतंय?” असं विचारलंत, तर बऱ्याचदा ते तुमचीच सूचना सुधारून देतात. “मला पाठिंबा द्याल ना?” असं विचारू नका. त्याने माणूस अवघडतो.

पायरी ४: जागा निवडा

योजनेतली त्रुटी मीटिंगमध्ये मांडावी, माणसाची चूक एकट्यात सांगावी. गुंतागुंतीचा मुद्दा आधी लिहून पाठवावा, म्हणजे लोक वाचून येतील. वरिष्ठांच्या निर्णयाबद्दल शंका असेल, तर पहिल्यांदा त्यांना वेगळं गाठणं चांगलं. पण निर्णय याच मीटिंगमध्ये पक्का होणार असेल, तर तिथेच बोला. “नंतर निवांत बोलू” म्हणत ठेवलेले असे मुद्दे नंतर कुणाच्या कामाचे नसतात.

पायरी ५: वाक्यातली धार काढून टाकू नका

या पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात सगळी गळती इथेच होते. आपल्या मराठी बोलण्यात अदब दाखवायला काही शब्द हमखास येतात: ‘जरा’, ‘थोडंसं’, ‘आपलं सहज’, ‘मला आपलं वाटतं’, ‘चुकत असेन तर सांगा’. एखादा आला तर तो नम्रपणा. एका वाक्यात तीन आले, की ऐकणाऱ्याला कळतं की हे नाही ऐकलं तरी चालेल. माझ्या त्या वाक्यात ‘जरा’ होतं, ‘नाही का’ होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह होतं.

दुसरी सवय कर्ता नसलेल्या वाक्यांची. “यावर विचार व्हायला हवा.” “पाठपुरावा करायला हवा.” “हे बघावं लागेल.” कुणी बघायचं? कधी? अशा वाक्यावर सगळे माना हलवतात आणि खोलीबाहेर पडल्यावर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी करेल. वाक्यात माणूस आणि वार घाला: “मी शुक्रवारपर्यंत यादी काढते. तोवर हा निर्णय थांबवता येईल का?”

तिसरी सवय, मत प्रश्नाच्या रूपात मांडण्याची. “असं केल्याने अडचण नाही का येणार?” याला “नाही येणार” एवढं उत्तर पुरतं आणि विषय संपतो. खरंच माहिती हवी असेल तर प्रश्न विचारा. मत असेल तर विधान करा: “यात मला एक अडचण दिसते.”

अदब सोडायची असा याचा अर्थ मुळीच नाही. “सर, मला हे पटलेलं नाही, कारण सांगते” या वाक्यात मान आहे आणि मुद्दाही. आदर ‘सर’मध्ये आहे, ‘तुम्ही’मध्ये आहे, आवाजाच्या पट्टीत आहे. तो दाखवायला वाक्य धूसर करावं लागत नाही.

प्रत्यक्ष मीटिंगसाठी काही गोष्टी. पहिलं वाक्य पाठ करून जा, कारण घसा तिथेच कोरडा पडतो. आवाज थरथरला तर कागद उघडा आणि म्हणा, “मी लिहून आणलंय, वाचून दाखवते.” यात कमीपणा नाही, लोक उलट अधिक लक्ष देतात. पहिल्या दहा मिनिटांत एखादा छोटा, खरा प्रश्न विचारून टाका. जितका वेळ गप्प बसाल तितकं तोंड उघडणं जड जातं. मध्येच कुणी तोडलं तर शांतपणे, “वाक्य पूर्ण करते, मग तुमचं ऐकते.” ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलायला फट सापडत नसेल तर चॅटमध्ये आधी एक ओळ टाका: “तारखेबद्दल माझा एक मुद्दा आहे.” मग मीटिंग चालवणाऱ्याला तुम्हाला संधी द्यावी लागते.

आणि बोलून झालं की थांबा. हे सगळ्यात कठीण आहे. मुद्दा मांडल्यावर दोन-तीन सेकंद कुणी काही बोलत नाही. ती शांतता सहन न होऊन आपण म्हणतो, “पण ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं.” त्या एका वाक्याने आधीचं सगळं पुसलं जातं. लोक गप्प असतात कारण विचार करत असतात. त्यांना करू द्या. हवं तर पाण्याचा घोट घ्या.

पायरी ६: वरिष्ठ ‘नको’ म्हणाले तर

आधी त्यांचा हेतू नीट समजून घ्या आणि तो तुमच्या तोंडून म्हणून दाखवा. “तुम्हाला या तिमाहीत हे संपवायचंय, बरोबर? त्यासाठीच सांगते, या तारखेला सुरू केलं तर तेच धोक्यात येईल.” दोघांचं ध्येय एक आहे हे दिसलं, की तुमचं म्हणणं अडवणूक वाटत नाही.

पहिल्यांदा उत्तरच मिळालं नाही, तर मुद्दा पुन्हा मांडा. आरोग्यसेवेत वापरल्या जाणाऱ्या टीमस्टेप्स या अमेरिकी प्रशिक्षणात हा नियमच आहे: सुरक्षिततेची शंका दुर्लक्षित झाली, तर ती किमान दोनदा बोलून दाखवायची. तिथे ठामपणा पायरीपायरीने चढवायलाही शिकवतात. मराठीत तो साधारण असा येईल: “मला याची काळजी वाटते.” मग, “हे असं पुढे न्यायला माझं मन तयार नाही.” आणि शेवटी, “हे सुरक्षित नाही, आपण थांबायला हवं.” तिसरं वाक्य रोज वापरायचं नाही. पण ते आपल्याकडे तयार असावं.

आणखी एक सापळा ओळखून ठेवा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रॉकेटचे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या रॉजर बोजोले आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी सांगितलं होतं, की एवढ्या थंडीत रबरी सील नीट काम करणार नाहीत, उड्डाण करू नका. सहा महिन्यांपूर्वी बोजोले यांनी याच धोक्याबद्दल लेखी कळवलंही होतं. त्या रात्री ‘सुरक्षित आहे हे दाखवा’ या नेहमीच्या प्रश्नाच्या जागी ‘असुरक्षित आहे हे सिद्ध करा’ असा प्रश्न उभा राहिला. कंपनीच्या व्यवस्थापकांनी अभियंत्यांची शिफारस फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

तुमच्या मीटिंगमध्ये पणाला लागलेली गोष्ट याहून फार लहान असेल, पण प्रश्न असाच उलटतो. “अडचण येईलच, याचा पुरावा आहे का?” असं कुणी विचारलं, की गांगरून आकडे शोधू नका. तो उलटलेला प्रश्न सरळ करा: “पुरावा माझ्याकडे नाही. पण हे चालेल याचा पुरावा आपल्यापैकी कुणाकडे आहे?”

एवढं करूनही निर्णय विरुद्ध गेला आणि त्यात कुणाच्या जिवाला, पैशाला किंवा नियमाला धोका नसेल, तर तो मान्य करून मनापासून कामाला लागा. “काय बदललं तर याचा पुन्हा विचार होईल?” एवढं मात्र विचारून ठेवा. त्या उत्तरातून पुढची वाट मिळते.

पायरी ७: मुद्दा हवेत विरला किंवा दुसऱ्याच्या नावावर गेला तर

तुम्ही बोललात, कुणी लक्ष दिलं नाही. दहा मिनिटांनी तीच गोष्ट दुसऱ्याने सांगितली आणि वाहवा झाली. हे मनाला फार लागतं. त्या क्षणी भांडू नका, पण सोडूही नका: “मी मघाशी हेच सुचवलं होतं, त्यात आता एक भर घालते,” म्हणा आणि खरोखर भर घाला.

याहून चांगला उपाय दोघी-तिघींनी मिळून करायचा. अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये ओबामांच्या काळात महिला कर्मचाऱ्यांनी एक रीत ठरवली होती, २०१६ मध्ये ती बातम्यांतून बाहेर आली. एकीने महत्त्वाचा मुद्दा मांडला की दुसरी तो पहिलीचं नाव घेऊन पुन्हा सांगायची. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. उद्यापासून तुम्ही एखाद्या बुजऱ्या सहकाऱ्यासाठी हे करू शकता: “त्यांनी आत्ता जे म्हटलं, ते पूर्ण ऐकूया.”

कल्पना रुजायला वेळ लागतो, हेही धरून चाला. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये हलकेच चिकटणारा आणि सहज निघणारा गोंद तयार केला. त्याचा उपयोग कुणाला सुचत नव्हता. ते अनेक वर्षं सहकाऱ्यांना त्याबद्दल सांगत राहिले. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या आर्ट फ्राय यांना पुस्तकातल्या खुणेसाठी तो गोंद आठवला, आणि १९८० मध्ये पोस्ट-इट चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या.

पायरी ८: त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल

तोंडी बोलणं प्रत्येकाला वेगळं आठवतं. म्हणून संध्याकाळच्या आत पाठवा: “आजच्या मीटिंगमध्ये मी नवी प्रणाली ५ तारखेला सुरू करण्याचं सुचवलं. कारण: २८ ते ३१ या दिवसांत सर्वाधिक बिलं निघतात. सध्याचा निर्णय २८ तारखेचाच आहे. प्रणाली अडकल्यास जुनीवर परत कसं जायचं, याची पद्धत मी बुधवारपर्यंत लिहून देते.” यात तक्रारीचा सूर नाही आणि ‘नंतर मला बोलू नका’ असा इशाराही नाही. शेवटच्या ओळीत तुम्ही कामात सामील आहात हे दिसतं, आणि ती ओळ नसेल तर असा ईमेल स्वतःला वाचवण्याचा खटाटोप वाटतो.

जिथे बोलणं महागात पडतं

काही ठिकाणी बोलणाऱ्याला खरोखर त्रास दिला जातो. तिथे ‘धीर धरा आणि बोला’ असा सल्ला देणं मला योग्य वाटत नाही. आधी पाणी जोखा: यापूर्वी जे बोलले त्यांचं काय झालं? वाईट बातमी आणणाऱ्याशी वरिष्ठ कसे वागतात? उत्तर चांगलं नसेल तर छोट्या मुद्द्यापासून सुरुवात करा आणि एकट्याने न जाता दोघं-तिघं मिळून जा. तारखा, कागद, कोण काय बोललं याची नोंद ठेवा. छळ, फसवणूक किंवा जिवाचा धोका असेल, तर मीटिंग ही त्याची जागाच नव्हे. संस्थेची तक्रार समिती, कामगार संघटना, वकील किंवा सरकारी यंत्रणा यांचा रस्ता धरा, आणि तक्रार करण्याआधीच जाणकाराचा सल्ला घ्या.

तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला, म्हणजे वरिष्ठ असाल तर

हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकड्यांत उलट दिसलं: चांगल्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. पुढे उलगडलं, की तिथली माणसं चुका लपवत नव्हती, मोकळेपणाने सांगत होती. म्हणून तुमच्या विभागात सगळं शांत असेल, तर त्या शांततेवर लगेच खूश होऊ नका.

“कुणाला काही शंका?” या प्रश्नाला शांतताच मिळते. “हे फसलं, तर कशामुळे फसेल?” असं विचारा आणि प्रत्येकाला दोन मिनिटं गप्प बसून लिहू द्या. एकेकट्याने काढलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या गटाने बोलत बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा जास्त भरतात, हे येल विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रयोगात दिसलं होतं. तुमचं मत सगळ्यात शेवटी सांगा, कारण तुम्ही आधी बोललात की बाकीचे तुमच्या मताभोवती बोलतात. आणि ज्याची सूचना नाकारली, त्याला त्याच आठवड्यात समोर बसवून कारण सांगा. कारण न कळता नाकारला गेलेला माणूस पुढच्या वेळी म्हणतो, “जरा घाई नाही का होणार?” आणि तुम्हाला त्यातलं काहीच ऐकू येत नाही.